तराजूची दोन पारडी

यंदा नवरात्रात माझ्या पुतणीने मला चंद्रपूरला मुद्दाम बोलावून घेतले. निमित्त महाकालीच्या दर्शनाचे होते. पण खरे कारण घराच्या मागच्या खोलीत होते. त्या खोलीत तिचा मुलगा, म्हणजे माझा नातू, तारांच्या वेटोळ्यांत बसला होता. अभियांत्रिकीचे त्याचे तिसरे वर्ष. जमिनीवर बॅटऱ्या, पत्र्याचे तुकडे, डाग देण्याची कथिलाची तार आणि एक अर्धवट कापलेला प्लॅस्टिकचा डबा असा पसारा पडलेला. पुस्तके होती, पण ती डब्याला टेकण म्हणून लावलेली.

पुतणी म्हणाली, "काका, तुम्हीच सांगा जी याला. दिवाळी झाली की परीक्षा, आणि याचं चित्त त्या स्पर्धेत. रात्र रात्र जागते. एक तर अभ्यास करावा, नाही तर हे खटाटोप. दोन्ही कसं जमंल?"

मुलगा काही बोलला नाही. त्याने फक्त डब्यातील पाण्यात एक तार बुडवली आणि खिडकीतला लाल दिवा लागला. पावसाळ्यात आमच्या या मुलखात नाल्यांच्या पुलांवर पाणी चढते आणि पलीकडची गावे तुटतात. पाणी पुलाला लागण्यापूर्वी पलीकडच्या गावात दिवा लागावा, एवढीच त्याची आणि त्याच्या चार सोबत्यांची कल्पना. ती घेऊन त्यांना एका मोठ्या स्पर्धेला जायचे होते.

मी तीस वर्षांहून अधिक काळ मास्तरकी केली आहे. असले खटले माझ्यापुढे पुष्कळदा आले, आणि त्यांतल्या एकाचा निकाल मी फार चटकन दिला होता. तो चुकला. म्हणून या वेळी मी पुतणीला म्हटले, "मला दिवाळीपर्यंत मुदत दे." नंतर गावी परतल्यावर मी एका जुन्या माणसाचा इतिहास पुन्हा आठवला. वाचकहो, हा लेख म्हणजे त्या मुदतीत घडलेला विचार आहे.

तो जुना माणूस म्हणजे शंकर आबाजी भिसे. हे नाव आज किती घरांत ठाऊक असेल, कोण जाणे! एके काळी त्यांस 'हिंदुस्थानचा एडिसन' म्हणत. जन्म मुंबईचा, २९ एप्रिल १८६७ चा. म्हणजे मुंबई विद्यापीठ स्थापन होऊन पुरती दहा वर्षेही झाली नव्हती. मॅट्रिकची परीक्षा हा त्या काळच्या मध्यमवर्गाचा वैकुंठाचा दरवाजा होता. त्यातून आत गेलेला मुलगा कचेरीत खुर्चीवर बसे आणि घरची माणसे देवापुढे साखर ठेवीत. अशा काळात या मुलाने चौदाव्या वर्षी घरच्या घरी कोळशापासून गॅस काढण्याचे उपकरण रचले. सोळाव्या वर्षी त्याने मनाशी ठरवले की, आपण विलायतेस किंवा अमेरिकेस जायचे आणि संशोधक व्हायचे. घरच्यांना हे ऐकून काय वाटले असेल, याची कल्पना माझ्या पुतणीचा चेहरा आठवला की मला करता येते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. भिसे यांनी यंत्रशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतले नाही. पुण्याला अभियांत्रिकीचे विद्यालय १८५४ सालीच निघाले होते. मुंबईची व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्था १८८७ साली निघाली. पण भिसे यांची शाळा निराळी. 'सायंटिफिक अमेरिकन' या नावाचे एक नियतकालिक अमेरिकेत १८४५ पासून निघत होते. आपण यंत्रविद्या शिकलो ती त्याच्या पानांतून, असे ते पुढे सांगत. आगबोटीने महिन्या-महिन्याने येणारे ते अंक, त्यांतील चाकांच्या आणि दट्ट्यांच्या आकृत्या, आणि समोर विचारायला शिक्षक नाही! वाचायचे, करून पाहायचे, बिघडले की पुन्हा वाचायचे. आजच्या मुलांना बोटाच्या टोकाशी सगळे जग आहे. तेव्हा एका आकृतीचा अर्थ लागायला आठवडा जाई. पण तो लागला की आयुष्यभर पुसला जात नसे.

एकट्याने किती करणार? म्हणून त्यांनी मुंबईत शास्त्राची आवड असणाऱ्यांचे एक मंडळ काढले. विशी ओलांडली त्या सुमारास त्यांच्या नावावर नाना युक्त्या जमा झाल्या होत्या: फोडून पुन्हा बंद केली तर कळावे अशी बाटली, विजेवर चालणाऱ्या सायकलीच्या कल्पना, मुंबईच्या लोकल गाडीत पुढचे स्टेशन कोणते ते दाखवणारा दर्शक. लोकलच्या डब्यात आज पुढच्या स्टेशनाचे नाव उजळते, तेव्हा शंभरावर वर्षांपूर्वी ही गरज एका मराठी तरुणाला जाणवली होती, हे किती प्रवाशांच्या मनात येत असेल?

आणि मग आली ती स्पर्धा. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकाची अखेरची काही वर्षे उरली होती. विलायतेतील संशोधकांच्या एका नियतकालिकाने आवाहन केले की, वाणसामान आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राची योजना पाठवा. प्रश्न दिसायला क्षुल्लक. वाण्याच्या दुकानात रोज शंभर वेळा होणारे काम: साखर घ्या, पारड्यात टाका, काढा, पुन्हा घाला. त्यात वेळ जातो, माल सांडतो आणि वाण्याच्या हाताचा झुकाव कोणत्या बाजूला असतो हे गिऱ्हाइकाला ठाऊक असतेच. यंत्राने ठरावीक वजन स्वतः मोजावे आणि स्वतःच खाली सोडावे, अशी ती मागणी. भिसे यांनी आकृत्या काढल्या त्या म्हणे पहाटेच्या अंधारात, कल्पना सुचली तशा एका बैठकीत. विलायतेतील सगळे स्पर्धक मागे पडले आणि बक्षीस मुंबईकडे आले.

वाचकहो, 'एका बैठकीत' हे शब्द ऐकून आपल्या घरातील तरुणांनी हुरळून जाऊ नये. त्या एका पहाटेच्या मागे पंधरा वर्षांची वाचलेली पाने होती. चौदाव्या वर्षी गॅसच्या नळ्या जोडताना जी झळ लागली, जी नळी फुटली, ती सगळी त्या पहाटे उपयोगी पडली. शेतकरी म्हणतो, पाऊस एका रात्रीत पडला. पण नांगरट उन्हाळ्यात झालेली असते.

या बक्षिसाने दार उघडले. मुंबईच्या पुढारी मंडळींचे लक्ष गेले. काँग्रेसचे चिटणीस दिनशा वाच्छा यांनी लंडनला दादाभाई नवरोजींकडे शिफारस केली. दादाभाई म्हणजे १८९२ साली पार्लमेंटात निवडून गेलेले आपले पितामह. हिंदुस्थानच्या दारिद्र्याचा हिशेब मांडणारा हा वृद्ध पुरुष एका तरुणाच्या चाकांत आणि स्प्रिंगांत का पैसा घालील? कारण त्यांना त्यात हिशेबाची दुसरी बाजू दिसली. संपत्ती बाहेर वाहून जाते ती थांबवायची, तर संपत्ती निर्माण करणारी बुद्धी आपल्यापाशी आहे हेही दाखवावे लागते. दादाभाईंच्या आधाराने भिसे लंडनमध्ये राहिले. विजेच्या दिव्यांच्या जाहिरात-पाट्या, स्वयंपाकघरातील साधने, आपोआप पाणी सोडणारे संडास अशा एकामागून एक वस्तू त्यांनी काढल्या. मात्र त्यांचा जीव जडला तो छापखान्याच्या खिळे पाडण्याच्या यंत्रावर. त्याला त्यांनी आपलेच नाव दिले: 'भिसोटाइप'. जुन्या यंत्रांपेक्षा कितीतरी वेगाने खिळे ओतणारे हे यंत्र मुद्रणाच्या धंद्याला हादरा देईल, असे जाणकारांना वाटू लागले होते.

पण यंत्र रचणे निराळे आणि ते बाजारात उभे करणे निराळे. त्याला भांडवल लागते. समाजवादी पुढारी हिंडमन यांनी पैसा उभा करण्याचे मनावर घेतले. तो पैसा काही उभा राहिला नाही. १९०७ साली दादाभाई थकून मायदेशी परतले. पाठचा आधार गेला, आणि १९०८ च्या डिसेंबरात भिसेही बोटीत बसले. विलायतेस निघताना उराशी बांधलेले स्वप्न आता सामानात गुंडाळून आणलेले! पण दैवाचा खेळ पाहा: त्याच बोटीवर गोपाळ कृष्ण गोखले होते. गप्पांतून गोष्ट निघाली, आणि गोखल्यांच्या शब्दावरून जमशेटजी टाटांचे धाकटे चिरंजीव रतन टाटा यांनी भिसे यांच्या पाठीशी पैसा उभा केला.

टाटा हे नाव आले की चांद्याच्या माणसाचे मन थोडे हळवे होते. त्याचे कारण सांगितलेच पाहिजे. आपल्या विषयाशी ते धरून आहे.

१८८२ साली श्वार्झ नावाच्या एका जर्मन तज्ज्ञाने चांदा जिल्ह्यातील लोखंडाविषयी अहवाल लिहिला. आमच्या लोहारा गावाजवळच्या टेकडीत उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे आणि वरोऱ्याला कोळसा आहे, असा त्याचा मथितार्थ. तो अहवाल जमशेटजींच्या हाती पडला. नागपूरची त्यांची एम्प्रेस मिल १८७७ पासून चालू होती. चांदा त्यांना परका नव्हता. लोखंडाच्या कारखान्याचे स्वप्न त्यांनी प्रथम पाहिले ते या आपल्या जंगलाच्या नकाशावर! परंतु वरोऱ्याचा कोळसा तपासात उतरला नाही. भट्टीला लागतो तसा कोक त्याचा होईना. खाणकामाच्या सरकारी अटीही जाचक होत्या. बेत बाजूला पडला, तो वीस वर्षे. पुढे दोराबजी टाटा आणि वेल्ड नावाचे अमेरिकन भूशास्त्रज्ञ पुन्हा चांद्याच्या रानात बैलगाड्यांतून हिंडले. पुन्हा नकारच. निराश होऊन नागपूरला आले असता दोराबजींच्या दृष्टीस तेथील संग्रहालयात एक भूस्तरांचा नकाशा पडला. त्यावरून दुर्गकडील टेकड्यांचा शोध लागला. १९०४ साली प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंजच्या लोखंडाविषयी पत्र लिहिले, आणि अखेर कारखाना उभा राहिला तो साकचीला, ज्याला आपण आज जमशेदपूर म्हणतो.

चांदा हरले, असे कोणी म्हणेल. मी तसे म्हणत नाही. लोहाऱ्याच्या टेकडीने टाटांना लोखंडाचा अभ्यास शिकवला. ज्या परीक्षेत आपण नापास होतो, तिचा अभ्यास फुकट जातो असे नाही. तो दुसऱ्या गावी उपयोगी पडतो. स्पर्धेला निघालेल्या मुलाने हे ध्यानात ठेवावे, आणि निकालाच्या दिवशी त्याच्या आईबापांनीही.

भिसे यांच्या कथेचा शेवटही असाच दुसऱ्या गावी झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते अमेरिकेस गेले. खिळ्यांच्या यंत्राचा ध्यास त्यांनी सोडला नाही. पण हाती पैसा आला तो मुख्यतः आयोडीनच्या एका औषधाने! एडिसनची भेट घडली. 'हिंदुस्थानचा एडिसन' खऱ्या एडिसनच्या समोर उभा राहिला, तेव्हा साठी उलटून गेली होती. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे देहावसान झाले. सोळाव्या वर्षी ठरवलेल्या दोन्ही देशांत त्यांनी जन्म काढला. मात्र ज्या यंत्राला स्वतःचे नाव दिले, त्याने त्यांना हवे तसे यश दिले नाही.

ही कथा मी नातवाला सांगितली तर तो म्हणेल, "बघा आजोबा, भिसे कुठे कॉलेजात गेले होते?" आणि पुतणीला सांगितली तर ती म्हणेल, "बघा काका, शेवटी यंत्रानं काय दिलं?" इतिहासाची ही गंमत आहे. त्याच्या तराजूत ज्याने त्याने आपापले वजन टाकावे. म्हणून मी आणखी जवळ येतो.

आता स्पर्धांचे दिवस बदलले आहेत. भिसे यांच्या वेळी एक पाकीट बोटीने विलायतेस जाई. आज सरकारच मुलांना हाक मारते. 'इन्स्पायर मानक' नावाच्या योजनेत शाळेतील मुलांकडून कल्पना मागवतात आणि निवडलेल्या मुलास नमुना करण्यासाठी १०,००० रुपये देतात. २०१७ पासून महाविद्यालयीन मुलांसाठी देशव्यापी 'हॅकेथॉन' भरू लागली; तीत ३६ तास सलग बसून एखाद्या सरकारी खात्याची अडचण सोडवायची. ३६ तास! आमच्या वेळी हरिनाम-सप्ताहातील पहारेकरीसुद्धा पाळीपाळीने झोपत.

या साऱ्यांत मला फार आवडलेली स्पर्धा मात्र २००८ सालची. आशियातील आकाशवाणी-दूरदर्शन संस्थांच्या संघामार्फत २००२ पासून विद्यार्थ्यांची यंत्रमानव-स्पर्धा भरते. पहिली टोकियोला भरली. २००८ साली यजमानपद पुण्याकडे आले, आणि यजमानांनी खेळ कोणता ठरवला असेल? गोविंदा! दहीहंडी! देशोदेशींच्या मुलांनी यंत्रांचे गोविंदा करून उंच टांगलेल्या हंड्यांतले लोणी काढायचे. जपानी, चिनी, व्हिएतनामी मुले आपल्या गोकुळाष्टमीचे नियम पाठ करीत रात्री जागली असतील, या विचाराने मला आजही हसू येते. लोणी अखेर चीनच्या मुलांनी पळवले. पण श्रीकृष्णाला त्याचे वाईट वाटण्याचे कारण नाही. त्या हंडीत एक धडा होता. दहीहंडीत सर्वांत वरचा गोविंदा दिसतो. पण थर उभा राहतो तो खालच्यांच्या खांद्यांवर. एक यंत्र दुसऱ्याला उचलून धरील तेव्हाच हंडी हाती लागेल, असा त्या खेळाचा रोख होता. पाच मुलांनी काम वाटून घेतले तर एकाला रात्रभर जागावे लागत नाही, हे माझ्या नातवाला अजून कोणी सांगितलेले दिसत नाही.

आता ती गोष्ट सांगतो, जिच्यामुळे मी पुतणीकडे मुदत मागितली.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांनी मी तिकडच्या आतल्या भागात एका शाळेवर विज्ञान शिकवीत होतो. मुले वसतिगृहात राहत. बहुतेकांची घरची बोली गोंडी किंवा माडिया. मराठी ती शाळेत शिकत आणि माझ्याशी विदर्भातले 'जी' लावून गोड बोलत. दहावीच्या वर्गात एक पोरगा होता. त्याचे नाव मी येथे लिहीत नाही.

त्याच्या घरी मोहफुलांवर वर्षाचा बराच आधार. फाल्गुन-चैत्रात पहाटे मोहाखाली फुलांचा सडा पडतो. बायामाणसे अंधारात टोपल्या घेऊन निघतात, वेचतात, वाळवतात आणि आठवडी बाजारात नेतात. तेंदूची पाने पुडक्यांनी मोजली जातात, तेथे तराजूचे काम नाही. पण मोहफूल वजनावर जाते. आणि तराजू व्यापाऱ्याचा. देशात १९५८ पासून मेट्रिक वजने आली, शेराचा किलो झाला. पण वजन खरे असले तरी दांडी खोटी असू शकते. हे त्या पोराने ताडले होते.

एके दिवशी तो म्हणाला, "गुरुजी, बाजारातली दांडी खोटी आहे जी. मायची टोपली घरी भरते, तिथं कमी भरते."

मी त्याला दांडीचे गणित समजावले. दांडीचा टेकू मधोमध नसून किंचित सरकलेला असेल, एक बाजू १० अंगुळे आणि दुसरी ११ अंगुळे असेल, आणि आखूड बाजूचे पारडे थोडे जड केलेले असेल, तर रिकामा तराजू अगदी सरळ दिसतो. पण मोह आखूड बाजूला आणि किलोचे वजन लांब बाजूला ठेवले की १ किलो वजनाला १ किलो १०० ग्रॅम मोह लागतो. १०० ग्रॅम मोह दर किलोमागे गायब! आता तोच मोह दुसऱ्या पारड्यात घाला. त्याला तोलायला १ किलो २१० ग्रॅम वजन लागेल. दोन वजनांचा गुणाकार करून वर्गमूळ काढले की खरे वजन निघते: १ किलो १०० ग्रॅम. या रीतीला गाउस या जर्मन गणितज्ञाचे नाव देतात.

पोराने ऐकून घेतले आणि म्हणाला, "पण गुरुजी, मायला वर्गमूळ कुठं येते?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्याच्याजवळ होते. त्याने बांबूची दांडी केली, डब्याच्या झाकणांची पारडी केली आणि ती चटकन काढून उलट बाजूला अडकवता यावीत अशा आकड्या बसवल्या. वाचता येत नसले तरी चालेल: मोह आणि वजन सरळ करा, मग पारड्यांतला माल अदलाबदल करा. दांडी पुन्हा सरळ राहिली तर तराजू खरा. झुकली तर खोटा. बाजारात जाणाऱ्या प्रत्येक बाईने व्यापाऱ्याला एवढेच म्हणायचे, "दादा, आता उलट ठेव." आधी बांबूच्या दांडीवर खेळून शिकायचे, मग बाजारात बोलायचे, अशी त्याची योजना. जिल्ह्याच्या विज्ञान-प्रदर्शनात ती ठेवायची होती.

कंदिलाच्या उजेडात तो दांडी घासत बसे. सहामाहीत तो इंग्रजीत आणि भूगोलात नापास झाला. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. मी काळजीत पडलो, आणि काळजीत पडलेला मास्तर जे करतो तेच केले. दांडी काढून घेतली, कपाटात ठेवली आणि कुलूप लावले. "परीक्षा झाल्यावर देईन," म्हटले. तो रडला नाही. "बरं जी," म्हणाला आणि भूगोलाचे पुस्तक उघडून बसला.

तो पास झाला. माझ्या शब्दाप्रमाणे झाले. पण प्रदर्शन निघून गेले होते, आणि निकालाच्या दिवसांत माझी बदली झाली. सामान बांधताना कपाटातल्या दांडीचा मला विसर पडला.

पंधरा-सोळा वर्षांनी चैत्रात महाकालीच्या यात्रेत तो मला भेटला. आयटीआय करून तो खाणीच्या वर्कशॉपात लागला होता. अंगावर निळा सदरा, कडेवर मुलगी. पाया पडला. चहा झाला. उठताना त्याने विचारले, "गुरुजी, ती दांडी अजून आहे का जी?" मी खरे ते सांगितले. तो हसला आणि म्हणाला, "असू द्या. मायला एकदा दाखवायची होती. आता ती नाही."

त्याच्या स्वरात रुसवा नव्हता. तो असता तर मला बरे वाटले असते.

मी कुलूप लावले ते एका छंदाला, अशी माझी समजूत होती. खरे पाहता ती दांडी हाच त्या वर्षातला त्याचा सर्वांत मोठा अभ्यास होता. भूगोल त्याच्या शेजारी बसू शकला असता. मला फक्त दिवस कापून द्यायला हवा होता: पहाटेचे दोन तास इंग्रजी-भूगोलाचे, संध्याकाळचा एक तास दांडीचा, आणि दहा वाजता कंदील बंद. एवढे करायला मास्तराला कितीशी बुद्धी लागते? पण दोन्ही पारडी एकाच वेळी सांभाळण्यापेक्षा एक काढून टाकणे मला सोपे वाटले. एक पारडे काढून टाकलेल्या दांडीला तराजू म्हणत नाहीत.

लक्ष्मीपूजनाच्या दोन दिवस आधी मी पुन्हा चंद्रपूरला गेलो. व्यापारी त्या संध्याकाळी वही पुजतात, आणि तराजूही पुजतात. मला हा मुहूर्त योग्य वाटला. मुलाला आणि आईला समोर बसवले. मुलाला म्हटले, "कागद घे. परीक्षेचे विषय किती? पाच. त्यांत कच्चे किती? दोन. तुमच्या मंडळात माणसे किती? पाच. मग पाण्यात तार बुडवायला रोज तूच कशाला? प्रत्येकाचा एक दिवस वाटून घ्या. तुझ्या दिवशी तू यंत्राजवळ बस, उरलेल्या दिवशी पुस्तकाजवळ. परीक्षेच्या आधीचे दहा दिवस यंत्र झाकून ठेव. मात्र ते मी झाकणार नाही, तू स्वतः झाक. आणि झोप विकून काही विकत घेऊ नकोस. तो व्यापार कोणालाच फायद्याचा झालेला नाही."

मुलाने कागदावर रेघा ओढल्या. मग त्याने हळूच विचारले, "आणि स्पर्धेत नाही निवडलो तर?"

मी म्हणालो, "लोहाऱ्याचे लोखंड साकचीला उपयोगी पडले. तुझा दिवा निदान एका नाल्यावर लाव, म्हणजे झाले."

पुतणीकडे वळून मात्र मला काही सांगावे लागले नाही. ती उठली, मागच्या खोलीत गेली, आणि डब्याखाली टेकण म्हणून ठेवलेली पुस्तके तिने काढून घेतली. त्यांच्या जागी तिने स्वयंपाकघरातला पाटा आणून ठेवला. "आता हलणार नाही," म्हणाली.

त्या रात्री अंगणात पणत्या लावल्या तेव्हा मागच्या खोलीच्या खिडकीत तो लाल दिवाही मधूनच लागत होता. दहाच्या ठोक्याला तो विझला, आणि मी निश्चिंत मनाने अंथरुणावर पडलो.